गोल कापलेले कोपरे

कूसबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे, पण खऱ्या नावाने हाक मारली असती तर तिने स्वतःच मागे वळून बघितलं नसतं, इतकं हे नाव तिला चिकटलं होतं. हाडांच्या वॉर्डातली ती सगळ्यांत जुनी सिस्टर. दारातून आत शिरली की 'कसं काय' नाही, 'बरं वाटतंय का' नाही, थेट पहिल्या खाटेपासून सुरुवात. "चला, कूस!" की लगेच स्टुलावर डुलक्या घेणारे नातेवाईक दचकून उठत आणि आपल्या माणसाला डावीकडचं उजवीकडे करायला लागत. वॉर्डबॉय तिची नक्कल करत. शिकाऊ डॉक्टर तिला बघून आपसांत हळूच "आली, कूस आली" म्हणत. नवरा तर हात जोडायचा, "बाई गं, घरी तरी मला एका कुशीवर मेल्यासारखा पडू दे." तिला कशाचंच काही वाटत नसे.

तिचं म्हणणं एकच. मोडलेलं हाड डॉक्टर जोडतात, त्यांची वाहवा होते, नातेवाईक पेढ्यांचे खोके घेऊन येतात. पण महिनाभर उताणं पडून माणसाची पाठच सडली, तर ते जोडलेलं हाड काय चुलीत घालायचंय? जिथे हाड कातडीला लागून असतं, म्हणजे माकडहाड, टाचा, खुबे, तिथे पडल्या पडल्या अंगाचा भार येतो, रक्त अडतं आणि कातडी मरते. आधी नुसता लाल डाग दिसतो. बोटाने दाबावं. पांढरा पडून परत लाल झाला तर अजून काही बिघडलेलं नाही. दाबूनही लालच राहिला, तर समजावं की आत सुरू झालंय. तेव्हाच त्या जागेवरचा भार काढला तर ते बहुतेक वेळा परततं. नाही काढला तर उघडतं, आणि एकदा उघडलं की आतल्या आत किती पोखरेल त्याचा नेम नाही.

बाकीच्या सिस्टर नातेवाइकांच्या हातात चित्रांचा छापील कागद देत. तो कागद लोक पाण्याच्या ग्लासावर झाकण म्हणून वापरत. कूसबाईची शिकवणी वेगळी होती. ती नातेवाइकालाच रिकाम्या खाटेवर उताणा झोपवायची, चादरीखाली बरोब्बर माकडहाडाच्या जागी कोटाचं एक जाडजूड बटण सरकवायची आणि म्हणायची, "मी राउंड घेऊन येते. तोवर हलायचं नाही." गलेलठ्ठ जावई झोपून गेले, नाकाने कांदे सोलणाऱ्या सुना झोपून गेल्या, एकदा एक फौजदारही झोपला. परत येऊन बघते तर प्रत्येक जण कुठे ना कुठे सरकलेला. मग ती म्हणायची, "तुम्ही हललात. ह्यांना हलता येत नाही. एवढाच धडा आहे, उठा."

दुसरी तऱ्हा शेवटच्या दिवसांतली. माणसाला वॉर्डातून सोडायची वेळ जवळ आली की कूसबाई हात पाठीमागे बांधून खाटेच्या पायथ्याशी उभी राही. कूस वळवायची नातेवाइकाने, टाचा पोटऱ्यांखालच्या उशीवरून अधांतरी ठेवायच्या नातेवाइकाने, कातडी बघायची आणि काय दिसलं ते तोंडाने सांगायचंही नातेवाइकानेच. "पुढे मी तुमच्यासोबत येणार नाहीये," ती म्हणायची. काही लोकांना वाटे बाई कामचुकार आहे. तिला ह्या तऱ्हेचा सगळ्यांत जास्त अभिमान होता. शिकवलं ते उतरलं की नाही, हे दुसऱ्याच्या हातातच कळतं असं ती म्हणे, आणि तिला ते दिसलं की घरी जाताना चाल बदललेली असे.

त्या वॉर्डात एक शिंपी येऊन पडला. दुकानाच्या माळ्यावरून कापडाचा गठ्ठा काढताना शिडी सरकली आणि कणा मोडला. कमरेखाली काही कळेना. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, थोरली मुलगी लांब संसारात, जवळ होती ती धाकटी. सगळा वॉर्ड तिला धाकटीच म्हणू लागला. तीस उलटलेली, गल्ला सांभाळणारी, गिऱ्हाइकाला बोलण्यात गुंडाळणारी, पण कात्री हातात घेतली की सत्यानाश. शिंपीकाका पडल्या पडल्या सांगायचे, "हिला कापणं शिकवायला गेलो बाई. हिने पहिल्याच दिवशी माझ्या अंगातल्या सदऱ्याची बाही कापली."

बटणाच्या धड्याच्या दिवशी काकांनी विचारलं, "चार भोकांचं आहे का दोन? दोनाचं जास्त टोचतं." धाकटी झोपली. कूसबाई परत आली तेव्हा ती होती तिथेच होती, अजिबात न हललेली, आणि डोळ्यांतून पाणी कानांत चाललेलं.

"अगं, उठायचंस की!"

"बाबांना हे कळतही नाही?"

"नाही. म्हणूनच तुला कळलं पाहिजे."

तेव्हापासून धाकटी तिची झाली. चादरीला सुरकुती राहू द्यायची नाही, माणसाला ओढायचं नाही तर उचलायचं, लाल जागा चोळायची नाही, पावडर थापायची नाही, मधे भोक असलेली ती रबरी चकती तर खाटेजवळही आणायची नाही, हे सगळं तिने एकदा ऐकलं आणि पुन्हा सांगावं लागलं नाही. उलट तीच शेजारच्या खाटेवरच्यांना दटावायला लागली. कूसबाई आल्या-गेल्याला सांगे, "ही माझी अर्धी सिस्टर." डब्यातलं अर्धं तिच्यासाठी काढून ठेवू लागली. स्वतःला मूलबाळ नव्हतं, त्याचं दुःख तिने कधी कुणापुढे काढलं नाही, पण ह्या मुलीसमोर तिचा आवाज जरा मऊ लागे हे सगळ्यांच्याच लक्षात आलं होतं.

काकांशीही तिची गट्टी जमली. त्यांच्या हातावर सलाईनची सुई होती आणि चिकटपट्टीचा कोपरा सारखा उचलला जायचा. एक दिवस काका म्हणाले, "बाई, ती कात्री द्या इकडे." पडल्या पडल्या त्यांनी पट्टीचे चारही कोपरे गोल कापले, असे की वाटीच्या कडेने आखलेत. "चौकोनी कोपरा आधी उसवतो. गोलाला धरायला जागाच नसते." पट्टी दोन दिवस हलली नाही. कूसबाईने ते सगळ्या वॉर्डाला करून दाखवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि कुणीही केलं नाही. गोल कोपरे कापायला वॉर्डात दोघांनाच सवड होती, काकांना आणि तिला.

आता सगळी आशा होती ती पुनर्वसन केंद्रावर. तिथे अशा माणसांना चाकाच्या खुर्चीत बसायला, खाटेवरून खुर्चीत सरकायला शिकवत. हाताने चालणारं शिलाईयंत्र बसवून देत. काका परत दुकानात बसू शकणार होते, नाहीतर उरलेला जन्म घरात छताकडे बघत काढायचा होता. जागा मिळणं महाकठीण. कूसबाईने स्वतः फोन करकरून, ओळखी काढून, शेवटी अक्षरशः भांडून ती मिळवली. अट एकच, कातडी धड हवी. जखम घेऊन खुर्चीत बसवता येत नाही.

"नुसतं लाल दिसलं ना, तरी दारातून परत पाठवतात," तिने धाकटीला बजावलं. "मग पुन्हा नंबर लागेल तेव्हा लागेल. डोळ्यांत तेल घालून बघायचं."

"बघते," धाकटी म्हणाली.

मग ते हात पाठीमागे बांधायचे दिवस आले. कूसबाई पायथ्याशी उभी राहून विचारी, "टाचा?"

"लोण्यासारख्या."

"खुबे?"

"छान."

"माकडहाड?"

"स्वच्छ. आत्ताच बघितलं, सिस्टर. आत्ताच कूस वळवलीय, डोळा लागलाय त्यांचा."

कूसबाई मान हलवून पुढच्या खाटेकडे जाई. दुसऱ्या पाळीतल्या सिस्टरही तेच करत, त्यांना काय, अर्धी सिस्टर बघतेय म्हटल्यावर काळजीच मिटली. एकदा तिला पावडरचा वास आला. तिने नाक वर केलं तसे काका डोळे न उघडताच म्हणाले, "उकडतंय हो बाई. गळ्याला लावलीय जराशी." ती हसली आणि म्हणाली, "मानेवर खपवून घेते, खाली दिसली तर डबा फेकून देईन."

केंद्रात न्यायच्या दिवशी तिची सुट्टी होती. तरी ती घरच्या कपड्यांत, पाहुणी निघाल्यासारखी, ॲम्ब्युलन्समध्ये त्यांच्यासोबत बसली. वाटेत काकांनी तिच्या कुडत्याची शिवण बघून "हे कुणी शिवलं? त्याला तुरुंगात टाका" असं म्हटलं आणि ती पोट धरून हसली. धाकटी मात्र हसली नाही. कूसबाईला वाटलं पोरीला धाकधूक असणार, तिने तिचा हात हातात घेतला. हात गार पडला होता.

केंद्रातली सिस्टर तरुण होती, हाताने हलकी. तिने काकांना अलगद कुशीवर घेतलं, सदरा वर केला आणि थांबली.

"हे काय लावलंय?"

माकडहाडावर एक ड्रेसिंगची पट्टी होती. चापूनचोपून बसवलेली, एकही सुरकुती नाही. चारही कोपरे गोल कापलेले.

कूसबाई एक पाऊल पुढे आली. पट्टी निघाली तशी तिच्याखालून पावडरीच्या गुठळ्या निघाल्या, आणि जखम दिसली. मोठी नव्हती, कोटाच्या बटणाएवढी, पण कातडी गेलेली आणि कड आतल्या बाजूने सुटलेली.

"किती दिवस झाले ह्याला?" केंद्राच्या सिस्टरने विचारलं. तीच पुढे म्हणाली, "उघडी जखम आहे. सॉरी, घेता नाही येणार. नुसतं लाल असतं तर घेतलं असतं, लाल घेऊन तर निम्मे लोक येतात आमच्याकडे. चार दिवस त्या बाजूवर भार दिला नाही की बरं होतं."

धाकटीने मान वळवली आणि कूसबाईकडे बघितलं. नुसतं बघितलं.

खरं सांगायचं तर लाल डागाची ती गोष्ट कूसबाई आजवर सगळ्यांनाच सांगत आली होती. तिला पक्कं ठाऊक होतं की केंद्र लाल डागाला परत पाठवत नाही. पण थोडं तिखटमीठ लावल्याशिवाय माणसं जागची हलत नाहीत, आणि भीतीने जे काम होतं ते समजावून होत नाही, हा तिचा अनुभव होता. त्या खोटेपणाचं तिला कधी काही वाटलं नव्हतं. तो तिच्या लेखी औषधातला कडूपणा होता.

परतीच्या वाटेवर तिचा बांध फुटला. "माझ्याशी खोटं बोललीस? माझ्याशी? ज्या दिवशी लाल दिसलं त्या दिवशी सांगायचं सोडून वर पावडर थापलीस? मी तुला हेच शिकवलं होतं का गं?"

धाकटी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "त्या एक्स-रे काढायच्या दिवशी झालं ते. तुमच्या माणसांनी दुपारभर कडक ट्रॉलीवर ठेवलं त्यांना, मला कागदांसाठी खिडक्या-खिडक्यांवर पळवलं. संध्याकाळी बघितलं तर लाल. दाबलं, पांढरं होईना."

"मग तेव्हा सांगायचं!"

"तुम्हीच म्हणाला होतात, लाल दिसलं की परत."

काका डोळे मिटून पडले होते, झोपले होते की नाही ते देवच जाणे.

केंद्राकडून हॉस्पिटलात विचारणा झाली, मेट्रनने सगळ्यांना बोलावलं. मेट्रन म्हणजे एके काळची कूसबाईच्याच बरोबरची. तिने धाकटीला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, सिस्टरने तुम्हाला शिकवलं होतं का.

कूसबाई निर्धास्त होती. राग होता, फार होता, पण पोर वेड्यासारखं वागली तरी आपल्याला उघड्यावर टाकणार नाही ह्याची तिला खात्री होती. कानांत पाणी जाईतो न हलता पडलेली मुलगी ती.

"सिस्टर यायच्या," धाकटी म्हणाली. "हात पाठीमागे बांधून उभ्या राहायच्या आणि जायच्या. शेवटच्या आठवड्यात त्यांनी बाबांच्या पाठीला एकदाही हात लावला नाही."

प्रत्येक शब्द खरा होता, आणि सगळं मिळून धादांत खोटं.

"पण तुम्हाला जखम दिसली नाही?" मेट्रनने विचारलं.

"मला काय कळणार? मी काय सिस्टर आहे?"

केसाने गळा कापतात म्हणजे काय ते कूसबाईला त्या खुर्चीसमोर उभं राहून कळलं. तिने एवढंच म्हटलं, "काकांना विचारा." काका तिला तोंडावर पाडणार नाहीत. काकांच्या जिभेला हाड नव्हतं, पण खोटं त्यांच्याच्याने बोलवणार नाही.

मेट्रन खाटेशी गेली. काका छताकडे बघत होते. "मला कमरेखालचं काय कळतंय, मॅडम," ते म्हणाले. "पाठीमागे काय आहे ते मला कसं दिसणार."

मेट्रनने नंतर तिला एकटीला बोलावलं. "मला माहीत आहे गं सगळं. तू कशी आहेस ते मला सांगायला नको. पण ती म्हणतेय ते खोटंही पाडता येत नाही ना? नर्सने स्वतः बघायला हवं होतं. आता ते बटण बंद, हात मागे बांधणं बंद. छापील कागद द्यायचा आणि पाठी स्वतः बघायच्या." वॉर्डात आल्यावर तिला वाटलं कुणीतरी म्हणेल, आम्ही बघितलंय ह्यांना शिकवताना. ट्रॉलीचं तर सगळ्यांनाच माहीत होतं. पण सगळ्यांनी हात वर केले. त्या दिवशी वॉर्डबॉयनेही तिची नक्कल केली नाही, आणि तेच तिला जास्त लागलं.

काकांचं ड्रेसिंग तिच्याकडेच आलं. दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटी बाहेर गेल्याचं बघून ती सामान घेऊन खाटेशी गेली. "चला, कूस," ती म्हणाली, पण इतक्या खालच्या आवाजात की शेजारच्या खाटेलाही ऐकू गेलं नाही. तिने त्यांना खिडकीच्या बाजूला वळवलं, जखम धुतली, पुसली, कड बघितली. मग चिकटपट्टी कापायला घेतली. कात्री सवयीने कोपऱ्यावर वळली, आणि तिथेच थांबली.

"काका, कोपरे कुणी कापले होते?"

काका खिडकीकडेच बघत होते.

"मी."

तिने कात्री खाली ठेवली.

"धाकटीला कुठे येतं कापता," काका म्हणाले. "तिला म्हटलं आरसा धर, मला बघू दे. तिने धरला. ती म्हणत होती, सिस्टरना सांगू, सिस्टरना सांगू. रडत होती. मीच नको म्हटलं. मापही मीच दिलं."

"तुमचा माझ्यावर एवढाही विश्वास नव्हता?"

"होता ना, बाई. तुम्ही सांगितलं होतंत लाल दिसलं की परत पाठवतात. पुरता विश्वास होता त्याच्यावर."

कूसबाईने हातातल्या पट्टीकडे बघितलं. चौकोनी होती तशीच तिने ती लावली, चादरीची सुरकुती तळव्याने ओढून काढली, त्यांच्या पोटऱ्यांखाली उशी सारली. काका म्हणाले, "बाई," पण ती पुढच्या खाटेकडे वळली होती.

तिथे कालच आलेला एक माणूस होता आणि त्याची बायको छापील कागद हातात घेऊन बसली होती. कूसबाईला बघून ती लगबगीने उठली. "सिस्टर, ह्यात लाल डागाचं लिहिलंय. दिसला तर काय होतं हो?"

"काही होत नाही," कूसबाई म्हणाली. "मला सांगायचं. कधीही, कितीही वेळा. मी रागावणार नाही, कुणी कुठे परत पाठवत नाही. फक्त मला सांगायचं."

"अजून काही नाही, सिस्टर. सगळं स्वच्छ आहे, आत्ताच बघितलं मी."

बाईचा चेहरा साधा होता, डोळे सरळ होते. कूसबाईने मान हलवली, बरं म्हटलं, आणि वाकून स्वतःच्या हाताने चादर वर केली.